बोर्ड मना करतो, संत्री अडवतो



दिल्लीच्या पोस्टिंगबद्दल लिही म्हटलं की लोकांना २६ जानेवारीची परेड हवी असते. परेड मी जवळून पाहिली, पण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या तीन वर्षांतल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून अजून गेलेल्या नाहीत. एक म्हणजे एका बोर्डाखाली झालेलं बोलणं आणि दुसरी म्हणजे एका गटाराच्या तोंडाशी उभं राहून घालवलेली वीस मिनिटं. दोन्हींचा संबंध इंग्रजीतल्या दोन शब्दांशी आहे. नोकरीत असताना असलं काही छापायचं तर वरून परवानगी लागते. आता पेन्शनीत आहे, म्हणून लिहितो. युनिटचं आणि जागेचं नाव तेवढं विचारू नका.

२०१७ चा डिसेंबर होता. मी तेव्हा हवालदार, गार्ड कमांडर. दिल्ली कँटमधलं एक गेट आमच्याकडे होतं. दोन तास ड्यूटी, चार तास आराम, असा संत्र्यांचा फेरा चालायचा. गार्डमध्ये जत तालुक्यातलं एक पोरगं होतं. शिपायातून ऑफिसर व्हायचं म्हणून एसीसीच्या परीक्षेची तयारी करत होतं. आरामाच्या चार तासांत बाकीचे झोपायचे आणि हा कोटाच्या खिशातून इंग्रजी शब्दांची वही काढून बल्बखाली बसायचा.

एका रात्री धुकं इतकं होतं की गेटवरून समोरचा दिव्याचा खांब दिसत नव्हता. पालमवर उतरणाऱ्या विमानांचा आवाज बंद झालेला. त्यानं विचारलं, "उस्ताद, प्रोहिबिट आणि प्रिव्हेंट यांत फरक काय?"

मी म्हणालो, "फरक कसला? दोन्हीचा अर्थ प्रतिबंध. डिक्शनरी बघ की."

"बघितली. दोन्हीकडं प्रतिबंधच लिहिलंय. मग पेपरात रिकामी जागा भरायला दोन्ही का देत्यात? हे बघा, धुक्यानं विमानाला उतरू दिलं नाही. इथं कुठला शब्द?"

"कुठलाही घाल," असं म्हणून मी चहा मागवला. उत्तर येत नसलं की सिनियर माणूस चहा मागवतो, हे फौजेत सगळ्यांना माहीत आहे.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं, तेही ज्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं अशा माणसाकडून. आमचे सुभेदार साहेब गढवालचे. सकाळी ते भिंतीच्या कडेनं चक्कर मारत होते आणि मी मागं. एका ठिकाणी भिंत थोडी ढासळली होती आणि तिथं लोखंडी बोर्ड उभा केलेला होता. १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टखाली लष्करी जागा 'प्रोहिबिटेड प्लेस' ठरते. त्याच बेताचा मजकूर, वर इंग्रजी, खाली हिंदी, लाल अक्षरात. साहेब थांबले.

"हवालदार, ये बोर्ड यहाँ किसलिए लगाया है?"

"साहब, अंदर आना मना है।"

"तो ये पगडंडी किसने बनाई?"

मी खाली बघितलं. बोर्डाच्या पायापासून आत गवतातून पायवाट गेलेली होती, चांगली मळलेली. शेजारच्या वस्तीतली पोरं आणि गवत कापणाऱ्या बाया जवळचा रस्ता म्हणून तिथून ये-जा करत होत्या. रोज बोर्डाला वळसा घालून.

साहेब म्हणाले, "बोर्ड मना करता है, रोकता नहीं। रोकने की तनख्वाह तू लेता है।"

त्याच दिवशी तिथं तार लागली आणि एक पॉइंट वाढला. संध्याकाळी मी हे त्या पोराला सांगितलं. त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे उस्ताद, बोर्ड प्रोहिबिट करतो आणि आपण प्रिव्हेंट करतो!"

एसीसीच्या कुठल्या गाईडमध्ये इतकं सोपं करून लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

पुढं मी या दोन शब्दांच्या मागेच लागलो. जे कळलं ते सांगतो. ज्यांची पोरं असल्या परीक्षांना बसतात त्यांच्या कामी येईल.

प्रोहिबिट करायला अधिकार लागतो आणि शब्द लागतात. कायदा, कोर्ट, सरकार किंवा स्टँडिंग ऑर्डर सांगते की हे करायचं नाही. सांगून झालं की त्या शब्दाचं काम संपलं. समोरच्यानं ऐकलं नाही तरी मनाई ही मनाईच राहते. 'सिगारेटला मनाई होती, तरी त्यानं ओढली' हे वाक्य बरोबर आहे. प्रिव्हेंटला अधिकार लागत नाही आणि बोलावंही लागत नाही. ती गोष्ट घडली नाही पाहिजे, एवढंच. धुकं विमानाला उतरू देत नाही ते प्रिव्हेंट, कारण धुक्याला कुणी अधिकार दिलेला नसतो. आणि ती गोष्ट तरीही घडली, तर प्रिव्हेंट हा शब्द तिथं वापरताच येत नाही. इंग्रजीत प्रिव्हेंट म्हटलं की काम फत्ते झालं असंच धरतात.

या दोघांचा तिसरा भाऊ म्हणजे फॉरबिड. त्यात माणूस माणसाला सांगतो. आपल्या गावच्या विहिरीवरून बघा. आईनं पोराला 'विहिरीकडं जायचं नाही' असं बजावलं, ते फॉरबिड. ग्रामपंचायतीनं 'येथे पोहण्यास मनाई आहे' असा फलक लावला, ते प्रोहिबिट. आणि कुणीतरी कठडा बांधून वर जाळी टाकली, ते प्रिव्हेंट. पेपरापुरतं आणखी एक लक्षात ठेवा. फॉरबिडच्या मागून बहुतेक वेळा 'टु' येतो आणि बाकी दोघांच्या मागून 'फ्रॉम'.

दोन्ही शब्द लॅटिनमधून आले. प्रोहिबिटचं मूळ 'धरून ठेवणं, मागं रोखणं' असं आहे. प्रिव्हेंटचं मूळ 'आधी येणं' असं आहे. जुन्या इंग्रजीत प्रिव्हेंट म्हणजे नुसतं पुढं जाणं किंवा आधी पोचणं असाही अर्थ होता. फौजी माणसाला हे लगेच पटेल. संत्रीचं सगळं काम 'आधी येणं' हेच असतं. घुसणारा पोचायच्या आधी तो तिथं उभा असला पाहिजे. घुसून गेल्यावर पोचला तर त्याला पंचनामा म्हणतात.

आता आपल्या मराठीकडं येतो, कारण माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं.

माझ्या हातून चूक झाली, कारण माझ्या डोक्यात दोन्हीसाठी एकच शब्द होता, प्रतिबंध. आपल्या सरकारी मराठीत बघा. पोलिओ प्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, हुंडा प्रतिबंधक कायदा, प्रवेश प्रतिबंधित. चारही ठिकाणी तोच शब्द. लस आजार होऊच देत नाही, म्हणजे ती प्रिव्हेंट करते. लाचेचा १९८८ चा कायदाही इंग्रजीत 'प्रिव्हेन्शन'चाच आहे. पण हुंड्याचा १९६१ चा कायदा 'प्रोहिबिशन'चा आहे, आणि प्रवेशाचा बोर्डही. 'बंदी'चंही तेच. दारूबंदी म्हणजे कायद्यानं केलेली मनाई, आणि नाकाबंदी म्हणजे रस्त्यात बॅरिकेड लावून प्रत्यक्ष अडवणं. शब्द एकच, काम दोन तऱ्हेचं.

भाषा गरीब आहे असं मात्र नाही. गावाकडची माणसं मना करणं, बजावणं, मज्जाव करणं एकीकडं ठेवतात आणि अडवणं, रोखणं, थोपवणं, बांध घालणं दुसरीकडं. पाण्याआधी वळण बांधावं म्हणतात, ते तर लॅटिनमधल्या 'आधी येणं'चं अस्सल मराठी रूप. सरकारी मराठीलाही मनात आणलं की जमतं. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली कायदा झाला. त्याच्या मुळाशी सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा विशाखा निकाल आहे. त्या कायद्याच्या मराठी नावात कंसात तीन शब्द ओळीनं आहेत, प्रतिबंध, मनाई व निवारण. लिहिणाऱ्यानं प्रतिबंध आणि मनाई शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे ही दोन वेगळी कामं आहेत हे त्याला माहीत होतं.

एरवी आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो, आणि मग 'कायदा झाला' म्हणजे 'थांबलं' असं वाटायला लागतं. बोर्ड लागला की भिंत बांधल्याचं समाधान मिळतं. पायवाट मात्र मळतच राहते.

दिल्लीत राहून फटाक्यांचं उदाहरण विसरता येत नाही. ९ ऑक्टोबर २०१७ ला सुप्रीम कोर्टानं दिवाळीच्या तोंडावर दिल्ली-एनसीआरमध्ये फटाके विकायला मनाई केली. त्या दिवाळीच्या रात्री बॅरेकमध्ये पडून आम्ही आवाज ऐकत होतो. कानाला सरावलेले आवाज, त्यामुळे कुठल्या बाजूनं किती येतायत ते सांगता यायचं. मनाई होती आणि फटाकेही होते.

बालविवाहाचं पण बघा. १९२९ चा सारडा कायदा इंग्रजीत 'रिस्ट्रेंट' म्हणजे आवर घालण्याचा होता. २००६ साली नवा कायदा आला तो 'प्रोहिबिशन'चा. शब्द कडक झाला. पण त्या कायद्यातली मला सगळ्यात कामाची वाटणारी गोष्ट नावात नाही, आत आहे. त्यानं एक अधिकारी नेमायला सांगितला आणि त्याचं पहिलं काम ठरवलं ते असं लग्न लागण्याआधीच रोखण्याचं. आपल्याकडं गावात ती जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. म्हणजे कायद्यानं बोर्डही लावला आणि संत्रीही उभा केला. संत्री झोपतो का, तो पुढचा प्रश्न. पण संत्रीच नसेल तर झोपल्याबद्दल कुणाला बोलणार?

या सगळ्यात मोठं उदाहरण दिल्लीतच घडलं. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीनं अस्पृश्यतेचं कलम मंजूर केलं, तेच आजचं १७ वं कलम. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते सुभेदार रामजी सकपाळांचे चिरंजीव, बाबासाहेब. अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि ती पाळणं निषिद्ध आहे, असं ते कलम सांगतं. इंग्रजीत तिथं शब्द आहे तो फॉरबिडचा. पण कलम तेवढ्यावर थांबत नाही. अस्पृश्यतेतून कुणावर काही लादलं तर तो गुन्हा ठरेल आणि कायद्यानं शिक्षा होईल, असं पुढं लगेच म्हणतं. म्हणून १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. १९७६ साली त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळालं. आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, तो इंग्रजीत 'प्रिव्हेन्शन'चा. घटना लागू झाल्यापासून एकोणचाळीस वर्षांत फॉरबिडपासून प्रिव्हेंटपर्यंत यावं लागलं. नुसत्या मनाईनं भागत नाही हे देशाला एवढ्या वर्षांत कळलं. मला ते ढासळलेल्या भिंतीपाशी कळलं आणि तरी वेळ आली तेव्हा मी विसरलो. आता तेच सांगतो.

२०१८ चा सप्टेंबर. फॅमिली क्वार्टरसाठी माझा नंबर लागायचा होता, म्हणून बायको-मुलांना पालमकडच्या वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत ठेवलं होतं. दाटीची गल्ली, समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून हात मिळवता येईल इतकी अरुंद. पावसात गल्लीतलं गटार तुंबलं आणि पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं. मी त्या रविवारी घरी होतो.

काही दिवसांपूर्वीच, ९ सप्टेंबरला, मोतीनगरच्या एका निवासी संकुलात सांडपाण्याच्या टाकीत पाच कामगार मेले होते. त्याच्या आदल्या वर्षी १५ जुलैला घिटोरनीत चार जण असेच टाकीत गेले होते. दोन्ही बातम्या मी वाचल्या होत्या. बायकोशी त्यावर बोललोही होतो.

कुणीतरी ठेकेदाराला फोन केला. दोन माणसं आली, एक मध्यमवयीन आणि एक विशीतला. हातात बांबूच्या लांब फाका, एक बादली, एक दोर. त्यांनी झाकण उचललं. बांबू घालून बघितला, निघेना. मग विशीतल्या पोरानं शर्ट काढला.

मी विचारलं, "मशीन नहीं है?"

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मशीन इस गली में घुसती नहीं, फौजी साहब। और घुसनेवाली कल आएगी, परसों आएगी, पता नहीं।"

घरमालक वरून ओरडला, "अरे करो जल्दी, पानी घर में आ रहा है।"

पोरानं कमरेला दोर बांधला. तोंडाला रुमाल, अंगात चड्डी, बस्स. ना मास्क, ना गमबूट, ना गॅस तपासायचं काही. आणि तो उतरला. त्याचं डोकं झाकणाखाली गेलं. मध्यमवयीन माणूस दोर धरून वाकून हाका मारत होता आणि खालून 'हां' ऐकू येत होतं. मी त्या तोंडापासून हातभर अंतरावर उभा होतो.

वीस मिनिटांनी तो वर आला. पाणी ओसरलं. गल्लीतल्या एका बाईनं त्याला पाण्याची बाटली दिली, ती दुरून, हाताला हात लागू न देता. ठेकेदारानं पैसे मोजले. लोक आपापल्या घरात गेले. काही झालं नाही.

'काही झालं नाही' हेच सगळ्यात वाईट. त्यामुळं गल्लीला वाटलं की असंच करायचं असतं.

त्या दिवशी जे झालं त्याला मनाई होती का? होती. हातानं मैला साफ करायला लावण्यावर १९९३ सालीच कायदा झाला होता. २०१३ च्या कायद्यानं तो आणखी रुंद केला. गटारात आणि सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायचा नाही, असं त्याचं सातवं कलम सांगतं. पहिल्यांदा मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टानं २७ मार्च २०१४ ला अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. म्हणजे मनाई चांगली पक्की, लाल अक्षरातली. आणि तरी संसदेत सरकारनंच दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशभरात ३७७ माणसं गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना मेली.

गटारातल्या गॅसला बोर्ड वाचता येत नाही. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असला तर नाकाची वास घ्यायची शक्तीच मरते आणि माणसाला वाटतं, चला, वास गेला, आता साफ आहे. तो पडतो. वरचा साथीदार त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. म्हणून या बातम्यांत आकडा पुष्कळदा एकाचा नसतो, तिघांचा, चौघांचा, पाचांचा असतो. आपला माणूस पडला तर त्याला सोडून यायचं नाही हे आम्हाला फौजेत शिकवलं. ही माणसं न शिकवताच तसं वागतात आणि मरतात.

मी काय करू शकलो असतो? पुष्कळ. वर्दीत नसलो तरी गल्ली मला फौजी साहेब म्हणत होती. 'थांबा' म्हटलं असतं तर थांबले असते. पाणी आणखी एक दिवस दुसऱ्या पायरीवर राहिलं असतं. मी बायका-पोरांना नातेवाइकाकडं पाठवलं असतं. पण मी उभा राहिलो. 'थम, कौन आता है' म्हणत वर्षानुवर्षं गेटवर माणसं अडवली. आत येणाऱ्या दूधवाल्याचा पास तीनदा बघितला. आणि ज्या दारातून एक पोरगं मरायला जाऊ शकत होतं, त्या दारावर मी बघ्या झालो. कायद्यानं मनाई आहे हे मला माहीत होतं, आणि माहीत असण्यातच मी समाधान मानलं. माझ्यापुरता कायदा म्हणजे मळलेल्या वाटेवरचा बोर्ड झाला होता.

यावर कुणी म्हणेल, मग कायदे कशाला करायचे, सरळ अडवावं. नाही मंडळी. हेही मी एनसीआरमध्येच पाहिलं. तिथल्या काही सोसायट्यांत घरकाम करणाऱ्या बायकांना आणि सामान पोचवणाऱ्या पोरांना मुख्य लिफ्टनं जाऊ देत नाहीत. गार्ड अडवतो. ही मनाई कुठल्या कायद्यात आहे? कुठल्याच नाही. तिथं संत्री आहे आणि हुकूम नाही. हुकमाशिवाय अडवणं म्हणजे दादागिरी. तो गार्ड स्वतः त्याच लिफ्टनं वर जात नसेल, हे वेगळंच. म्हणून दोन्ही लागतात. मनाई कशाची, हे आधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि लिहायचं. मग ते घडू नये म्हणून कुणीतरी आधी जाऊन उभं राहायचं. पहिलं नसेल तर संत्री गुंड होतो आणि दुसरं नसेल तर कायदा रंगवलेला पत्रा होतो.

गटाराच्या बाबतीत 'आधी उभं राहणं' म्हणजे काय, तेही दिल्लीनं दाखवलं. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर तिथल्या सरकारनं अरुंद गल्ल्यांत शिरतील अशी २०० छोटी सफाई यंत्रं रस्त्यावर आणली. त्या कामात आपल्या पुण्यात सुरू झालेली दलित उद्योजकांची संघटना, डिक्की, बरोबर होती. यंत्राचा मालक त्याच समाजातला माणूस व्हावा अशी ती योजना होती. एवढ्यानं सगळं थांबलं असं मी म्हणणार नाही. बातम्या अजून येतात. पण दिशा बरोबर आहे. 'मशीन गल्लीत घुसत नाही' हे कारण होतं, तर गल्लीत घुसेल अशी मशीन आणली. यात ओरडणं नाही, लाल अक्षरं नाहीत. माणसाच्या आधी मशीन पोचली की झालं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. कुठल्याही मनाईची बातमी आली, मग ती हुंड्याची असो, प्लॅस्टिकची असो, डीजेची असो, की टाळ्या वाजवायच्या आधी एक प्रश्न विचारायचा. याचा संत्री कोण? त्याचं नाव सांगता येतं का? त्याच्या हातात काय दिलंय? तो आधी पोचेल असं काही केलंय का? उत्तर नसेल तर समजायचं की अजून फक्त पत्रा रंगवून झालाय.

आणि काही ठिकाणी संत्री आपणच असतो, दुसरा कुणी येणार नसतो. तुमच्या सोसायटीतली टाकी भरेल, तुमच्या गल्लीतला चेंबर तुंबेल. कुणीतरी दोर घेऊन येईल आणि एक पोरगं शर्ट काढेल. तेव्हा कायद्याचं नाव आठवलं नाही तरी चालेल. झाकणावर पाय ठेवून उभं राहा आणि म्हणा, मशीन येईपर्यंत कुणी उतरायचं नाही. गटार-सेप्टिक टाकीच्या सफाईसाठी १४४२० हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, तो फोनमध्ये घालून ठेवा. शेजारी चिडतील, एक दिवस वास येईल. येऊ द्या.

ते जतचं पोरगं एसीसीला पहिल्या वेळी राहिलं, दुसऱ्या वेळी पास झालं. निकाल लागल्यावर मला फोन आला. म्हणाला, "उस्ताद, या वेळी पेपरात प्रोहिबिट-प्रिव्हेंट आलंच नाही."

मी म्हणालो, "पेपरात नाही आलं तरी पुढं येईल. तेव्हा चुकू नको."

मी कुठं चुकलो होतो, ते त्याला सांगितलं नव्हतं. आज इथं सांगितलं.

जय हिंद.